उजव्या दारावरचा पोचा

मला माझे थोरले दीर आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. मुलगा अजून घरी आलेला नाही म्हणून मी जागी आहे, आणि तो ज्यांच्याकडे बसला आहे त्या माणसाबद्दल लिहिते आहे.

भावजी डेंटर आहेत. ठोकर बसलेल्या गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. गल्लीच्या टोकाला त्यांची शेड आहे. आत शिरलं की आधी तेलाचा वास आणि मग भावजींची पाठ. पाठच, कारण कोण आलं हे बघायला ते वळत नाहीत. गल्लीतले लोक म्हणतात, हा माणूस पत्र्याचे पोचे काढतो आणि माणसांना पाडतो. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील, पण या माणसानं मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. माझ्याशी बोलायचं असलं की ते भिंतीशी बोलतात, आणि ते माझ्यासाठी आहे हे मी ओळखायचं.

गिऱ्हाइकांशी तीच तऱ्हा. एकदा एक जण नवी कोरी गाडी चेपून घेऊन आला आणि विचारू लागला, "किती वेळ लागेल?"

"ठोकायला किती लागला?"

"ठोकायला? एक सेकंद."

"मग चार दिवस."

त्या माणसाला राग यावा की हसू हेच कळेना. गाडी मात्र ठेवून गेला, कारण आमच्या भागात भावजींसारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. हे मी मान्य करते. बाकीचे डेंटर पोचा अर्धामुर्धा वर काढतात आणि उरलेल्या खळग्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, वरून रंग मारतात. भावजींना लांबीचा डबा शेडमध्ये दिसला तरी खपत नाही. "पावडर तोंडाला लावतात, पत्र्याला नाही," म्हणतात. आतून ठोकळा, बाहेरून हातोडी, असं ठोकत ठोकत पत्रा मूळच्या जागी आणायचा आणि मग डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचा. डोळा फसतो, हात फसत नाही. आणि दुसरा नियम असा की पोचा राहिलेली गाडी या शेडमधून बाहेर जाणार नाही. गिऱ्हाईक म्हणालं, राहू दे तेवढा, घाई आहे, तर ते किल्लीच देत नाहीत.

आता त्या गाडीबद्दल. शेडच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक जुनी शर्यतीची गाडी असायची. दोनच माणसांची, ठेंगणी, गडद लाल. साठेक वर्षांपूर्वीची. एका कारखानदाराच्या बायकोनं नवऱ्यामागे ती भंगारात काढायला भावजींना बोलावलं होतं, कारण गाडीवर गोठ्याची भिंत पडून तिचा पार चेंदामेंदा झाला होता. भावजींनी ती तोडली नाही. घरी आणली. आणि पुढची अठरा वर्षं रविवार, सुट्ट्या, आजारपणं, सगळी त्या गाडीत घातली. बॉनेट, मडगार्ड, पाठ, डावं दार, सगळं हातानं ठोकून उभं केलं. फक्त उजवं दार भिंतीखालून जसंच्या तसं वाचलं होतं. त्यावर कारखान्यातला मूळ रंग होता आणि पांढऱ्या गोलात विटलेला सात नंबर. त्या दाराला भावजींनी कधी हातोडी लावली नाही. कापडानं पुसायचे तेवढंच.

जाऊबाई म्हणायच्या, "अगं, माझ्या सवतीला टायर आहेत चार. मला वर्षात एक साडी, तिला दर रविवारी अंघोळ." जाऊबाईंचं तोंड मोठं आणि मन त्याहून मोठं. त्यांना मूलबाळ झालं नाही. त्या घरात हसण्याचं खातं त्यांच्याकडेच होतं. होतं, असंच म्हणायला हवं आता.

माझा मुलगा आठ वर्षांचा असताना भावजींनी त्याला त्या गाडीपाशी उभं केलं, त्याचा पंजा धरून बॉनेटवर ठेवला आणि म्हणाले, "डोळे मीट. काय लागतंय?"

"गार."

"आणखी?"

"इथं एक टेंगूळ आहे."

खरोखरच होतं. भावजींच्या हाताखालून सुटलेलं. त्या दिवसापासून पोरगा हातचा गेला. दूध पिऊन झालं की तांब्या उलटा करून त्याचे पोचे मोजायचा. सतत तोंडात कुठल्या ना कुठल्या गाडीची किल्ली चघळायचा, म्हणून काकानं त्याचं नाव ठेवलं किल्ली, आणि आता सगळे त्याला तसंच म्हणतात. बारा वर्षांचा झाला तेव्हा भावजींनी जेवताना सगळ्यांसमोर शब्द दिला, "एकवीस पुरी झाली की गाडी याची."

सगळे खूश. मी सोडून. त्या गाडीला छप्पर नाही, पट्टा नाही, बसलं की रस्ता कमरेला लागतो. आणि पळते अशी की आवाज मागून येतो. आई झाल्यापासून मी रस्ता म्हणजे काय ते वेगळ्या डोळ्यांनी बघते. चार चाकं आणि त्यात माझं पोर. आमचे हे म्हणायचे, "तू उगाच नको त्या गोष्टींना आवतण देतेस." पण आवतण न देताही त्या येतातच.

तशी एक सात महिन्यांपूर्वी आली. मुलानं काकाला न विचारता ताडपत्री काढली, गाडी बाहेर घेतली आणि कोपऱ्यावर वळताना फाटकाच्या खांबाला घासली. मुलाला खरचटलं, बाकी काही नाही. उजव्या दारावर सात नंबरच्या खालीच वीतभर पोचा पडला. भावजींनी दाराकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "हा तू काढायचा. मी हात लावणार नाही."

मुलाची छाती झाली नाही. त्या दाराला हातोडी लावायची म्हणजे देवाच्या अंगावर चाकू चालवण्यासारखं होतं त्याला. आज काढतो, उद्या काढतो, करत राहिला.

आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारी शेडवर गेले. भावजी एकटेच होते. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण पुढे तेच माझ्या गळ्याशी आलं. मी म्हणाले, "ती गाडी घरात राहिली तर मी मुलाला घेऊन माहेरी जाईन. उद्या त्याचे पाय गेले तर ते तुम्ही ठोकून सरळ करणार आहात का?" ते भिंतीकडे बघत राहिले. मला त्या बघण्याचाच संताप आला. मी म्हणाले, "तुम्हाला काय कळणार? तुम्हाला मूल नाही."

भावजींनी हातातली हातोडी खाली ठेवली. भिंतीला म्हणाले, "चहा घेणार?"

मी निघून आले. आणि दोन महिने काही झालं नाही. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवत होतो तेव्हा भावजी ताटाकडे बघत म्हणाले, "गाडी देऊन टाकतोय. दान."

आमचे हे हसले. त्यांना वाटलं थट्टा.

"त्या पाय बसवणाऱ्या संस्थेला," भावजी म्हणाले. अपघातात पाय गेलेल्यांना ही संस्था कृत्रिम पाय करून देते. त्यांच्या वाकलेल्या चाकाच्या खुर्च्या भावजी कधीमधी सरळ करून द्यायचे. "ते लिलाव करतील. येईल त्यात पाय करतील."

पाय. माझ्या हातातली पळी ताटावर आपटली. सगळ्या जगातल्या संस्था सोडून या माणसानं नेमकी ती शोधली होती. मला उत्तर होतं ते, आणि मला एकटीलाच कळत होतं.

"दादा, अरे निदान घरात विचारायचंस," हे म्हणाले. "अशा गाड्यांसाठी माणसं जीव टाकतात आणि तू फुकट वाटतोस?"

"वाटू दे," जाऊबाई म्हणाल्या. "सवत गेली, मी सुटले. हळदीकुंकू नाही तर निदान पेट्रोल घालून पाठवते तिला."

कुणी हसलं नाही. मुलगा उठून उभा राहिला होता. "काका, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. परत घेतला."

"का? मी ठोकली म्हणून?"

"माझी गाडी. माझी मर्जी."

"माफी मागितली मी! शंभरदा मागितली!"

"जेव."

तो जेवला नाही. हात न धुता निघून गेला. त्या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं मी. बोलले नाही. वाढत राहिले.

पुढच्या आठवड्यात संस्थेची बाई आली, बरोबर जुन्या गाड्यांचा एक पारखी. पांढरा सदरा, खिशात भिंग. जाऊबाईंना बरं नव्हतं म्हणून शेडवर चहा घेऊन मी गेले. पारख्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. अठरा वर्षांच्या त्या कामावरून त्याची नजर अशी सरकली जशी आपली दुसऱ्याच्या लग्नाच्या अल्बमवरून सरकते. उजव्या दारापाशी मात्र तो गुडघ्यांवर बसला.

"हा रंग मूळचा!"

"हो."

"नंबरही? वा! याला कुणीही हात लावायचा नाही. पोचा असू दे. लोक हे दार बघून बोली लावतील."

"आणि बाकीची गाडी?" भावजींनी विचारलं.

"छान आहे ना. पण नवं काम आहे हो ते."

"मग दार काढून देतो. तेवढंच घेऊन जा."

बाईला ठसका लागला. पारखी गोड हसला, भावजी हसले नाहीत. आयुष्यात प्रथमच मला त्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटली आणि त्याचाही मला रागच आला. शेवटी ठरलं की दाराला कुणी बोट लावायचं नाही आणि पंधरा दिवसांनी रविवारी ट्रक येऊन गाडी नेणार.

घरात मुलगा माझ्याशी बोलायचा, काकाचं नाव काढायचा नाही. शेडवर जाणं बंद. एके दिवशी म्हणाला, दुसऱ्या शहरात एका मोठ्या गॅरेजात काम मिळतंय, जातो. "इथं त्यांचं तोंड बघत राहायचं का?"

म्हणजे गाडीपासून वाचवायला निघाले आणि पोरगाच निघाला. रस्त्यांनी भरलेल्या परक्या शहरात, एकटा. अजून वेळ होती. एक वाक्य. पण मला वाटलं, चिडू दे काकावर, राग काय, ओसरतो. आईवरचा राग ओसरतो का, हे मला माहीत नव्हतं आणि करून बघायची हिंमत नव्हती.

ट्रक येणार त्याच्या आदल्या दुपारी मुलगा कोनाड्यातली त्याची हातोडी घेऊन घराबाहेर पडला. भावजींनीच त्याच्या सोळाव्या वर्षी दिलेली. त्याचा चेहरा वेगळाच होता. तोडतोय आता गाडी, या खात्रीनं मी चपला उलट्यासुलट्या अडकवून मागे धावले. गल्ली संपेपर्यंतच ठोकण्याचा आवाज येऊ लागला.

शेडच्या दारात भावजी उभे होते, हाताची घडी घालून. आत मुलगा जमिनीवर बसला होता. उजव्या दाराचं आतलं अस्तर काढलेलं, डावा हात आत, त्यात ठोकळा, उजव्या हातात हातोडी. टक, टक, टक. तोडत नव्हता. पोचा काढत होता.

"अरे थांब!" मी ओरडले.

"गप्प बसा," भावजी म्हणाले. भिंतीला नाही, मला.

"अहो पण तो पारखी म्हणाला होता..."

"काढू दे त्याला."

मुलानं मान वर केली नाही. "पोचा राहिलेली गाडी शेडमधून बाहेर जात नाही. यांचाच नियम आहे. मला काढायला सांगितला होता, काढतोय. मग मी मोकळा, हे मोकळे."

टक, टक. पत्रा वर येत होता. आणि साठ वर्षांचा तो रंग, अंड्याच्या टरफलासारखा वाळलेला, पत्र्याबरोबर वर यायला तयार नव्हता. आधी एक रेघ गेली. मग सात नंबरचा खालचा अर्धा पापुद्रा सुटून मुलाच्या मांडीवर पडला.

त्याचा हात थांबला. "काका?"

"ठोक."

"पारखी काय म्हणाला होता?"

मी सांगितलं. या दारावरच गाडीची किंमत होती, हात लावायचा नव्हता. मुलाचा चेहरा पांढरा पडला. "तुम्हाला माहीत होतं? मग थांबवलं का नाहीत?"

"काम चालू होतं तुझं."

"गाडी का देताय तुम्ही? खरं सांगा आज. मी खांबाला घासली म्हणूनच ना?"

भावजी भिंतीकडे वळले. मी ती भिंत चांगली ओळखते. पंचवीस वर्षं मला तिच्यामार्फत निरोप येत होते. हा माणूस मरेपर्यंत बोलणार नाही हे मला कळलं, आणि मुलगा परवा निघणार होता.

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "गाडी घरात ठेवू नका म्हणून."

"तू?"

"तुझ्या काळजीनं..."

"काय म्हणालीस त्यांना?"

हात दाखवून अवलक्षण. पण एकदा तोंड उघडलं की अर्धं सांगता येत नाही, निदान मला येत नाही. पायांचं सांगितलं. मग मूल नसल्याचंही सांगितलं. सांगून वळले तर मागे जाऊबाई उभ्या. हातात दोघांच्या चहाची किटली.

त्यांनी किटली बाकावर ठेवली, अगदी हलक्या हातानं. "बोललीस खरी," म्हणाल्या. "पंचवीस वर्षं मनात धरून ठेवलं होतंस की त्याच दिवशी सुचलं?" आणि उत्तराची वाट न बघता गेल्या. त्यांनी एखादी थट्टा करावी म्हणून मी तेव्हापासून वाट बघते आहे.

मुलानं मांडीवरचा रंगाचा तुकडा उचलून खिशात घातला. माझ्याकडे बघितलंच नाही. भावजींना म्हणाला, "वरच्या कडेला अजून आहे थोडा. माझा हात पोचत नाही. तुम्ही ठोकळा धरा."

"सरक," भावजी म्हणाले, आणि गुडघे करकरत त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. मी दोनचार मिनिटं उभी होते. मला कुणी जा म्हणालं नाही. बस तर नाहीच नाही.

गाडी गेली. पारख्याच्या अंदाजाच्या निम्म्या किमतीलाही गेली नाही, असं संस्थेच्या बाईनं कळवलं; पत्रात आभार तीन ओळींचे आणि खेद पानभर. पारख्यानं तर फोनच केला. मी शेडवर डबा द्यायला गेले होते, त्याचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. "कुठल्या गाढवानं हात लावला त्या दाराला?"

"माझ्या पुतण्यानं," भावजी म्हणाले. "आता डोळे मिटून हात फिरवा आणि पोचा कुठं होता ते मला दाखवा."

फोन ठेवल्यावर मी विचारलंच, "पोराला आधीच का नाही सांगितलंत माझं नाव? तुम्हीच सुटला असतात."

ते मडगार्डवर वाकलेले होते. "माझ्यावर चिडला तर घरी जाईल. तुमच्यावर चिडला तर जाईल कुठं?"

एवढं बोलून परत ठोकायला लागले, जणू मी दुकानातलं गिऱ्हाईक आणि माझं काम झालं.

तर तो कुठं जातो ते आता कळलं आहे. दुसऱ्या शहरात गेला नाही, माझी ती इच्छा पूर्ण झाली. शेडवर असतो. दोन्ही वेळचं तिथंच जेवतो, घरी फक्त झोपायला येतो, आणि आजच्यासारखा तेही उशिरा. माझ्याशी बोलतो ते दार लाव, दिवा घालव, एवढंच. एकविसावा वाढदिवस गेल्या महिन्यात झाला. मी गोड केलं होतं. तो काकाकडे जेवला. हे म्हणतात, "येईल ताळ्यावर, तरुण रक्त आहे." पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हा पीळ कुणाच्या घरचा आहे ते मला विचारा.

डबा मात्र मीच पाठवते. तेवढं मी सोडलेलं नाही. तीन खणांचा स्टीलचा जुना डबा, त्याच्या शाळेपासूनचा. वरच्या झाकणाला एका बाजूला पोचा होता, झाकण सैल बसायचं, पिशवीत रस्सा सांडायचा. आज संध्याकाळी डबा धुवून परत आला आणि झाकण सपाट. मी ओट्यापाशी उभी राहून डोळे मिटले, तळहात फिरवला. कुठं होता ते सापडेना. दोघांपैकी कुणी ठोकलं, तेही कळेना. विचारणार नाही.

फक्त आता ते इतकं घट्ट बसलंय की मला काही केल्या उघडत नाही. चमचा घालून उचकटावं लागतंय.